मोलमोल

तिकिटाच्या खोपटात माझाच दीर बसलेला.
युफ्रोनियो. डाव्या हाताला तीन बोटं;
उरलेली दोन एका बाटलीबरोबर गेली.
बाटलीत दारू होती, प्यायची नव्हे.
त्या काळी एका आवाजात होडी भरायची.

"गावकऱ्यांना वीस पेसो," म्हणाला,
"काचेचा मुखवटा हवा तर आणखी पन्नास."
मी म्हटलं, पन्नासात मी पाव किलो बांगडा देते,
वर दोन मिरच्या. तू काय देतोस?
नुसतं बघायला?
मासे विकणारीनं मासे बघायला पैसे मोजायचे?

तो हसला नाही. पावती फाडली.
नातीनं, हियासनं, माझा हात ओढला.

चाळीस वर्षं डोंगरापलीकडे राहते मी,
आणि ही वाळू पाहिली नव्हती.
एवढीशी. दोन खडकांनी कोपर दुमडून
कुशीत धरलेली. लाटा येतात त्याही दबकत,
पोर झोपलेल्या घरात शिरल्यासारख्या.
पुढे पाण्यावर एक दोर, निळ्या डब्यांची माळ.
डब्यांच्या अलीकडे गळ नाही, जाळं नाही,
नांगर टाकायलाही बंदी.
पलीकडे, दोराला अगदी चिकटून,
माझ्या भाच्याची होडी, गळ सोडून बसलेली.
त्यानं हात केला. मी ओळख दिली नाही.

अंगावरच्या झग्यानिशीच उतरले.
मुखवट्याला रबराचा वास, परक्या श्वासाचा वास.
मग तोंड पाण्यात घातलं.

मला मासा कळतो.
कल्ला उचलून लाली बघायची,
पोटावर अंगठा दाबायचा, खड्डा राहिला तर कालचा,
आणि डोळा:
फुगीर, काळाभोर, चकचकीत, तो ताजा.
आईनं शिकवलं, बर्फाच्या पाण्यात हात बधिर होत असताना.
पण तो डोळा फिरतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.

मोलमोल आला.
आमचा रोजचाच, चोचीच्या तोंडाचा.
टोपलीत दुपारपर्यंत शेवाळी पडतो.
इथं अंगावर असा निळा, गालावर अशी गुलाबी रेघ
की बाजारात आणला असता
तर रंग फासलाय म्हणून भांडण झालं असतं.
प्रवाळ कुरतडत होता, कुटकुट कुटकुट,
अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसा,
आणि मला ऐकू येत होतं!
मागून पांढरा धूर सोडत गेला.
धूर हळूहळू खाली बसला, वाळू झाला.
म्हणजे वर किनाऱ्यावर
मी चपला काढून ठेवल्या त्या कशावर?

तो वळला. डोळा फिरवला.
मला पाहिलं, वरपासून खालपर्यंत,
गिऱ्हाईक बघतं तसं,
आणि न घेता पुढे गेला.

पाण्यातच हसू फुटलं, खारट घोट गेला,
हियासनं पाठीत दणके घातले.

वर आले तर युफ्रोनियो टॉवेल घेऊन उभा.
"दिसलं काही?"
"दीड किलोचा होता," मी म्हटलं.
सवय. दुसरं काय म्हणणार?
"कोण, शेपटीला खाच असलेला?
दोन भरेल तो. दीडचा होता गेल्या पावसात."
आणि तीन बोटांनी हवेत
त्याची लांबी दाखवली,
हळूच, जणू हातातून निसटेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याची टोपली आली.
मी आधी शेपट्या बघितल्या. एकेक. सगळ्या.
खाच नव्हती.
मग मांडून बसले.

पहिलं गिऱ्हाईक शाळेतली बाई.
मोलमोलचा कल्ला उचलला, अंगठा दाबला,
डोळा बघायला वाकली.
मी मान वळवली,
माशाची नव्हे, माझी.

"कसा दिला?"
रोजच्यापेक्षा वीस पेसो जास्त सांगितले.
"का गं, कुठला आहे?"
काही बोलले नाही.
तराजू उचलला.
त्या दिवशी घासाघीस केली नाही.